ह आणि ल यांच्यामधली रेघ

मी रेघ बोलतेय. छापखान्यातली, शिशाची, बोटाच्या पेरापेक्षा जराशी लांब. मी अक्षर नाही, आकडा नाही, मला उच्चारही नाही. तरी सांगते, त्या काळच्या लंडनमध्ये माझ्याइतकं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. ही बढाई वाटेल, पण खुशाल वाटू द्या. पुढे ऐकाल तेव्हा पटेल.

ओतशाळेत शिसं वितळवून साच्यात ओतलं आणि मी जन्मले. माझ्या बरोबरीने अक्षरांचे खिळे जन्मले ते पोत्यांनी. त्यांचा तोरा काय वर्णावा! आपल्यावाचून शब्द होत नाही, म्हणून ते आम्हा रेघांकडे पाहायचेही नाहीत. आम्हाला खिळ्यांच्या पेटीत अगदी कडेचा, धूळ बसणारा खण मिळाला. म्हटलं, असो. वेळ आल्यावर बघू.

मला विकत घेतलं टॅबिथा क्रूम या बाईंनी. नवरा गेल्यावर छापखाना त्यांनीच चालवायला घेतला होता. स्वतः पेटीपुढे उभं राहून खिळे जुळवायच्या, स्वतः शाई लावायच्या. बोटं कायम काळी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, क्रूमबाईंनी पोळीला लोणी लावलं तरी त्यावर दोन ओळी उमटतात. बाई हसायच्या नाहीत, पण रागवायच्याही नाहीत.

छापखाना होता कॉफीखान्याच्या माडीवर. खालचं सगळं बोलणं फळ्यांच्या फटीतून वर यायचं. व्यापारी, वकील, पाद्री, रिकामटेकडे, सगळे एकाच लांब टेबलावर बसून राज्य चालवायचे. हा मंत्री चोर, तो मंत्री महाचोर, राजाला कळत नाही, कळतं पण वळत नाही. कॉफी एक पेला आणि मतं दहा. माणसाला दुसऱ्याचं घर सुधारायची केवढी हौस असते, हे मी तिथे शिकले.

आता माझं खरं काम सांगते. मोठ्या माणसाचं नाव पूर्ण छापून त्याच्याविषयी वाईट लिहिलं तर छापणारा थेट तुरुंगात. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. नावाचं पहिलं अक्षर छापायचं, शेवटचं छापायचं, आणि मध्ये मला आडवं निजवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. वाचणाऱ्याला नाव कळायचं, कायद्याला कळायचं नाही. खाली कॉफीखान्यात कोणी मोठ्याने वाचायला लागला की माझ्यापाशी येऊन तो खोकायचा. नाव घ्यायचं नाही, नुसतं खोकायचं. मग सगळं टेबल खोकत सुटायचं. नवं गिऱ्हाईक आलं तर त्याला वाटे, या घरात साथ आली आहे.

त्या दिवसांत आमच्या डोक्यावर मंत्री होते लॉर्ड हॉक्सवेल. खिडक्यांवरचा कर त्यांनी असा काही वाढवला की गरिबांनी घरातल्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. लॉर्डसाहेबांच्या स्वतःच्या वाड्याला मात्र खिडक्या नुसत्या लखलखत होत्या, कारण त्या वाड्याला त्यांनी 'सरकारी कचेरी' म्हणून माफी करून घेतली होती.

क्रूमबाईंकडे एक लेखक यायचा, अँब्रोज डेंट. तरुण, सडपातळ, कोपरावर विरलेला कोट आणि जीभ वस्तऱ्यासारखी. तो एके दिवशी एकच पान घेऊन आला. वर्तमानपत्रात हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती येतात, तशी जाहिरात होती ती.

'हरवली आहे: एक सदसद्विवेकबुद्धी. लॉर्ड ह——ल यांच्या घरातून. अत्यंत कमी वापरलेली, जवळजवळ कोरी. सापडल्यास परत आणून देऊ नये. मालकाला तिची सवय नाही.'

बाई ते वाचून इतक्या हसल्या की हातातले खिळे सांडले. मग त्यांनी मला उचललं आणि ह आणि ल यांच्यामध्ये बसवलं. त्या दोन अक्षरांनी आयुष्यात पहिल्यांदा मला अदबीने जागा दिली. खाली लेखकाचं नाव येणार, तिथे अँब्रोज म्हणाला, "तिथेही रेघच घाला, बाई." बाईंनी माझी एक बहीण तिथे निजवली. आणि सगळ्यांत तळाशी, कायद्याने सक्तीचं म्हणून, पूर्ण अक्षरांत छापलं: टॅबिथा क्रूम यांनी छापले, अमुक गल्ली, कॉफीखान्याची माडी.

पान वाऱ्यासारखं पसरलं. सगळं शहर खोकत होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं लॉर्डसाहेबांना ते बरोबर लागलं. चौथ्या-पाचव्या दिवशी शिपाई जिना चढून आले. त्यांनी उरलेले कागद गोळा केले, बाईंना धरलं, आणि पुरावा म्हणून जुळवलेल्या खिळ्यांची चौकटच उचलून नेली. तिच्यात मी होतेच. लोक म्हणतात लेखन माणसाला मोठ्या ठिकाणी पोचवतं. मला त्याने थेट न्यायालयात पोचवलं.

बाई तुरुंगात, छापखान्याला कुलूप. गुन्हा शाबीत झाला तर बाजाराच्या चौकात खोड्यात मान अडकवून उभं राहायचं, लोकांनी सडकी अंडी मारायची, आणि वर कैद. खोड्यात दगड लागून माणसं मेलेली आम्ही पाहिली होती.

खटल्याच्या दिवशी चौकट टेबलावर ठेवली होती. आमच्या कायद्याची एक गंमत होती. लिखाण वाईट आहे की नाही ते न्यायाधीश ठरवणार. गावातल्या बारा पंचांनी फक्त दोन गोष्टी सांगायच्या: बाईंनी हे छापलं का, आणि ही रेघ म्हणजे लॉर्ड हॉक्सवेल का. पहिल्या गोष्टीत वाद नव्हता. म्हणजे एका जित्या बाईची मान माझ्यावर टांगलेली. खोटं कशाला बोलू, मी घाबरले नाही. शिशाला घाम फुटत नाही. पण बाई उभ्या होत्या त्या कठड्याकडे पाहिलं, आणि त्यांची बोटं पहिल्यांदाच स्वच्छ दिसली. मला ती पाहवली नाहीत.

कारकून आरोप वाचायला उभा राहिला. गंभीर माणूस, टोप पांढरा शुभ्र. 'लॉर्ड ह' इथवर आला आणि रेघ दिसताच, सवयीने, खोकला. त्यासरशी प्रेक्षकांच्या सज्जातली सगळी माणसं खोकली. न्यायाधीश लालबुंद झाले. कारकुनाला कॉफीखान्यात कोणी पाहिलं नव्हतं असं नाही, पण आता ते सरकारी दप्तरी नोंदलं गेलं.

साक्षीला आले लॉर्डसाहेबांचे चिटणीस, लेथब्रिज. म्हणाले, पान वाचताक्षणी कळलं की हे आमच्या साहेबांविषयी आहे. बाईंचा वकील म्हातारा होता, झोपाळू दिसायचा. तो सावकाश उठला.

"कशावरून कळलं, साहेब?"

"अक्षरांवरून. ह आणि ल."

"ह आणि ल असलेले लॉर्ड या देशात बरेच आहेत. माझ्या न्हाव्याचंही नाव ह आणि ल आहे. मजकुरावरून कळलं का?"

वकिलाने पान पुढे धरलं. "यात म्हटलंय, बुद्धी जवळजवळ कोरी. हे वर्णन आपल्या साहेबांना लागू पडतं का?"

इकडे आड तिकडे विहीर. हो म्हणावं तर नोकरी जाते, नाही म्हणावं तर खटला जातो. लेथब्रिज यांच्या कपाळावरची पावडर ओघळायला लागली. शेवटी नोकरी जिंकली.

"मुळीच लागू पडत नाही," ते म्हणाले.

"मग हे दुसऱ्याच कोणाबद्दल असणार. मला एवढंच विचारायचं होतं." आणि वकील खाली बसला.

न्यायाधीशांना आपला खटला हातातून निसटताना दिसत होता. ते कठड्याकडे वळले. आवाज मऊ केला. म्हणाले, क्रूमबाई, तुम्ही विधवा आहात, लिहिणाऱ्याने तुमचा वापर केला. त्याचं नाव सांगा, आत्ता या दाराने घरी जा.

अँब्रोज सज्जात होता. टोपी भुवयांपर्यंत ओढून बसलेला. बाईंनी तिकडे मान वळवली नाही. पण तो तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"हुजूर," त्या म्हणाल्या, "त्या जागी रेघ आहे. मी जे छापलं ते तुमच्यापुढे आहे. त्यापेक्षा जास्त मला वाचता येत नाही."

मी अँब्रोजकडे पाहत होते. एवढी चुरचुरीत जीभ, पण त्या वेळी जागची हलली नाही. तो नुसता बुटांकडे पाहत राहिला. मला त्याचा राग आला, आणि राग आला असं सांगायला मला लाज वाटत नाही.

पंच आत गेले, आणि परत यायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांचा प्रमुख एक मेणबत्तीवाला होता. खिडक्या बुजल्यापासून त्याचा धंदा भरभराटीला आला होता, त्यामुळे आमच्या लोकांनी आशा सोडली होती. तो हात जोडून उभा राहिला.

"हुजूर, पान छापलं बाईंनीच. पण रेघ म्हणजे लॉर्ड हॉक्सवेल, असं आम्हाला म्हणवत नाही. मंत्रीसाहेबांविषयी आम्हाला फार आदर आहे. असलं वर्णन वाचून त्यांचं नाव ज्याच्या मनात येईल, त्याने खरं तर त्यांची माफी मागावी. आम्हा बारा जणांच्या मनात ते आलं नाही. बाई निर्दोष आहेत."

बाहेर लोकांनी बाईंना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मी चौकटीसकट घरी आले, आणि पेटीत मला मधला खण मिळाला. बाकीची अक्षरं आता मला 'अहो रेघबाई' म्हणायला लागली. मीही ते करून घेतलं. मान मिळतो तेव्हा नाही म्हणू नये.

दोन-चार दिवसांनी अँब्रोज आला. एका हातात मटणाचा गरम पाय, बगलेत बियरची सुरई आणि खिशात नवा मजकूर. जिना चढतानाच त्याचं सुरू झालं. काय जिंकलो आपण, म्हणे. मंत्र्याच्या नाकावर टिच्चून जिंकलो.

"आपण?" बाई म्हणाल्या. त्या पेटीपुढे उभ्या होत्या. हात पुन्हा काळे झाले होते, पण तुरुंगात लागलेला खोकला अजून गेला नव्हता, आणि तो खरा होता.

अँब्रोजने खाणं टेबलावर ठेवलं. बाईंनी नवा मजकूर वाचला. चांगला होता, आधीच्यापेक्षाही चांगला. त्या म्हणाल्या, "छापते. लॉर्डच्या नावात रेघ राहील. तुझ्या नावाच्या जागी राहणार नाही."

तो आधी हसला, मग त्याला कळलं त्या थट्टा करत नाहीत. मग तो सांगायला लागला. एका मोठ्या घरी शिकवणीची नोकरी मिळायची आहे. आई गावी आहे, तिला आधार त्याचाच. नाव बाहेर आलं तर सगळं संपेल. यातलं काहीच खोटं नव्हतं.

बाईंनी मला खणातून उचललं आणि चिमटीत धरलं. "ही कशासाठी असते, अँब्रोज? लॉर्ड मला तुरुंगात घालू शकतो, म्हणून त्याचं नाव मी झाकते. तू मला काय करू शकतोस? मग तुझं का झाकू? तळाशी माझं नाव, माझी गल्ली, माझं दार, सगळं पूर्ण असतं. शिपाई आले की माझंच दार वाजतं. मला कुठली रेघ आहे?"

तो मजकूर उचलून जिन्यापर्यंत गेला. एक पायरी उतरला. कॉफीखान्यात खाली कोणीतरी जुनं पान वाचत होतं आणि टेबल खोकत होतं. तो तिथेच उभा राहिला. मग परत फिरला, कोट काढून खुंटीला लावला आणि आपल्या नावाचे खिळे स्वतः शोधू लागला.

त्याला जुळणी कशाला येतेय? आमच्यात खिळे उलटे लावले तर नाव सुलट उमटतं. त्याने वाचायला सुलट लागतील असे लावले. बाईंनी शाई फिरवून कागद दाबला, तर नाव शेपटीकडून तोंडाकडे आलेलं. वाचलं तर कोणी परदेशी पाहुणाच वाटावा. बाई खो खो हसल्या, तुरुंगातून आल्यानंतर पहिल्यांदाच. तोही हसला.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. त्याने पुन्हा लावलं. मी टेबलावर मटणाच्या पायाशेजारी पडून होते. मला काम नव्हतं, आणि मला फार बरं वाटत होतं.

पुढच्या खेपेला शिपाई आले तेव्हा त्यांना दोन दारं वाजवावी लागली. शिकवणीची नोकरी गेली. दोघंही काही महिने आत राहून आली. त्या महिन्यांत बाईंच्या छापखान्याचं भाडं अँब्रोजच्या आईने गावाहून लोकर विणून पाठवलेल्या पैशांतून भरलं गेलं. तुरुंगाच्या आवारात दोघं रोज एकमेकांना ओव्या म्हणाव्यात तशा नव्या नव्या जाहिराती ऐकवायची, असं पहारेकरी कॉफीखान्यात येऊन सांगायचा.

आता मी म्हातारी झाले. एक टोक झिजलंय, मधे जराशी वाकलेय, माझा ठसा तुटक येतो. मोडीच्या डब्यात आहे. एक दिवस वितळवतील आणि माझं काहीतरी दुसरं होईल. त्याची मला भीती नाही, मी शिसं आहे, मला पुन्हा पुन्हा जन्म आहेत. अजूनही लोक मला वापरतात, आणि वापरावंच. सत्ता ज्यांच्या हातात आहे त्यांच्या नावात मला खुशाल निजवा, मी कुशीवरही वळणार नाही. पण स्वतःच्या नावाच्या जागी मला घालाल, तेव्हा एक करा. पानाच्या अगदी तळाशी पाहा. तिथे कोणाचं तरी नाव, गल्ली आणि दार पूर्ण अक्षरांत छापलेलं असेल.