शेवटच्या नळाची हळद

मोहखेडीच्या श्रावणला जगात दोनच गोष्टींचं वेड. एक तर्रीपोहे आणि दुसरं चंदेरी कार्ड. पोहे रोज मिळत. कार्ड काही हाताला लागत नव्हतं.

श्रावण हा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. टाकी भरायची, ब्लिचिंग पावडर कालवून तिच्यात ओतायची, नळ सोडायचे आणि गावाच्या शिव्या खायच्या, असं एकूण त्याचं काम. सरकारी दवाखान्याची माणसं येऊन गावाचं पाणी तपासतात आणि रंगीत कार्ड देऊन जातात. धोका असला तर लाल, थोडाफार असला तर पिवळं, सगळं ठीक असलं तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं मिळालं आणि गावात पाण्यानं साथ आली नाही, की चंदेरी! मोहखेडीचं हे पाचवं वर्ष होतं. तिकडं हिंगणघाटकडच्या सासुरवाडीत त्याचा साळा प्रफुल हेच काम करी, आणि त्यानं चंदेरी कार्ड कधीच पटकावलं होतं. दर दिवाळीला तो श्रावणच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "होईन जी भाऊजी, तुमचंबी होईन." साळ्यानं शिवी दिलेली परवडते, दया केलेली परवडत नाही. ज्याला साळा आहे त्याला हे सांगायला नको.

आता गाव कसं, तर भाजीवाल्यांचं. वांगी, कोबी, आणि नळाखाली धुऊन ओल्या पोत्यात बांधलेल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. पावडरीचा वास कुणालाच खपत नसे. "सांबाराले तुया औषधाचा वास मारते, गिऱ्हाईक नाक मुरडते," असं भाजीवाला चंद्रभान रोज ऐकवी. किराणावाले प्रभाकरराव तर गावाचे जुने सरपंच. ते भर चौकात कप वर करून विचारत, "अबे श्रावण्या, मी चहा पेऊन राह्यलो का फिनाईल?"

श्रावण स्वभावानं गरीब. त्याला कुणाचं मन मोडवत नसे. त्यानं पावडर कमी केली. मग आणखी कमी केली. शेवटी शेवटी तर देवाला अक्षता वाहाव्यात तशी तो टाकीला चिमूटभर वाही आणि हात झटके. पंचायतीच्या खोलीत पावडरीची गोणी उघड्या तोंडानं पडून राहिली. गावात आनंदीआनंद झाला. "असा पानीवाला गावाले पयल्यांदा भेटला!" असं प्रभाकरराव म्हणाले, तेव्हा आमचा हा शहाणा लाजून लाल झाला. अरे, ज्याच्यावर सगळंच गाव खूश, त्यानं आधी स्वतःच्या कामाकडं बघावं की नाही? पण सांगतो कोण!

मग चंद्रभानच्या घरचं लग्न झालं आणि श्रावणची आई कुंताबाई आजारी पडली. जुलाबांनी म्हातारी पार चिपाड झाली. सावंगीच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. "लग्नातली वांग्याची भाजी बाधली," असं सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं श्रावण म्हणाला. आणखी दोन-तीन घरी पोटं बिघडली, तेव्हा तो आणखी मोठ्यानं म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

म्हातारी घरी आली आणि तपासणीचा निरोपही आला. उद्या वर्षाली मॅडम येणार.

श्रावणनं लगेच काचेच्या नळीत नळाचं पाणी घेतलं आणि तपासणीच्या बाटलीतले थेंब टाकले. पाण्यात औषध असेल तर ते पिवळं होतं. पाणी जसंच्या तसं. सकाळी उठून त्यानं टाकीत घमेलंभर पावडर कालवली. पिवळं नाही. मग त्यानं अख्खी गोणीच गाळासकट उलटी केली. टाकी तांदळाच्या धुवणासारखी पांढरी झाली, पण नळीत पिवळेपणाचं नाव नाही! "अबे, गोनीनंच दगा देल्ला का?" म्हणून तो कपाळ बडवत बसला. तेवढ्यात वेशीवर मॅडमची गाडी वाजली.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. श्रावणला हळदीचा सापडला. मोहखेडीत प्रत्येक नळाच्या तोंडाला गाळणीसाठी फडकं बांधायची रीत. लाईनीवरचा शेवटचा नळ श्रावणच्याच अंगणात, आणि तपासणी नेहमी शेवटच्या नळावर. औषधाचं पाणी पिवळं, हळदीचंही पिवळं. कोण ओळखते? सरिता, म्हणजे त्याची बायको, चहाचं आधण ठेवत होती. तिच्या पाठीमागून त्यानं मूठभर हळद उचलली, फडक्याच्या घडीत भरली आणि गाठ मारली. चिमूट पुरली असती, पण घाबरलेल्या माणसाचा हात सैल सुटतो.

वर्षाली मॅडम आल्या, मागोमाग प्रभाकरराव आले, आणि फुकटचा तमाशा बघायला निम्मी आळी आली.

"शेवटचा नळ कोणता?" मॅडमनी विचारलं.

"आमचाच जी. या ना, बसा. आधी चहा घ्या."

"चहा नंतर. आधी ते फडकं सोडा, भाऊ."

श्रावणनं फडक्याकडं हात नेला आणि मागं घेतला. तो "हो जी, सोडतो जी" करत जागीच घुटमळला. तर कुंताबाईला वाटलं, पोरगं लाजून राह्यलं. ती काठी टेकत पुढं झाली आणि तिनं नळ फिरवला.

नळातून लालभडक पाणी आलं.

 मग प्रभाकररावांचा हात आपोआप टोपीकडं गेला. कुंताबाईनं काठी टाकली आणि हात जोडले. "माय वं! देवी आली नळाले!"

झालं! बायांनी पदर सावरले. कुणी कलश आणायला धावलं, कुणी उदबत्ती. प्रभाकरराव पडले दुकानदार माणूस, ते लगेच मॅडमकडं वळले. "चंदेरी काय घेऊन बसल्या जी? सोन्याचं कार्ड काढा!"

श्रावणच्या जिवात जीव आला. देवीच्या नळाची तपासणी कोण करणार? आता फक्त तोंड शिवून उभं राहायचं. पुढच्या दिवाळीला प्रफुलच्या पाठीवर आपण हात ठेवायचा. त्याला ती दिवाळी दिसायलासुद्धा लागली.

तेवढ्यात त्याला आईचा हात दिसला. कुंताबाईनं तीर्थ म्हणून ओंजळ भरून घेतली होती आणि ती तोंडाशी नेत होती. मनगटावर सलाईनच्या सुईचा निळा डाग अजून तसाच होता.

"माय, पेऊ नको!"

त्यानं धावत जाऊन तिच्या हाताला असा फटका मारला की लाल पाणी प्रभाकररावांच्या धोतरावर उडालं.  म्हातारी लेकाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"काऊन रे?" ती म्हणाली. "रोज तं हेच पाजतं."

 भर अंगणात श्रावण लहान पोरासारखा रडला. दवाखान्यातली खाट, उघडी गोणी, वांग्याची भाजी, सगळं त्याच्या तोंडून उलटसुलट बाहेर पडलं. वांग्याचा काही दोष नव्हता, हेही त्यानं सांगून टाकलं.

सरितानं नळाचं फडकं सोडून नाकाला लावलं. "हळद! हळदीले चुना लागला की लाल होनारच, कुंकू असंच तं करते." मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, "पी हळद अन् हो गोरी, असं कधी होते का जी?"

"पण चुना आला कुठून?" प्रभाकररावांनी धोतर झटकत विचारलं.

मॅडम रिकामी गोणी बघून आल्या. "पावडर उघडी ठेवली की तिच्यातलं औषध उडून जातं, मागं नुसता चुना उरतो. तुमचं पाणी कितीतरी दिवस औषधाशिवायच येतंय."

 चंद्रभान पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मॅडमनी कार्ड दिलं. लाल.

टाकी रिकामी करून घासली. नाल्याजवळ लाईन फुटून घाण आत शिरत होती, ती बदलली. नवी गोणी आली, आणि तिचं तोंड श्रावण स्वतः आवळून बांधतो. पहिल्याच सकाळी प्रभाकरराव कप घेऊन अंगणात हजर झाले.

"अबे श्रावण्या, चहा पाह्य, निस्ता फिनाईल!"

"आजपासून असाच राहीन जी," श्रावण म्हणाला. त्यांचं मन मोडलं, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी प्रफुलचा फोन आला. आवाजात दया नुसती ओसंडत होती. "लाल भेटलं म्हन्ते, भाऊजी?"

"हो, लालच भेटलं. मले सांग प्रफुल, तुयी गोनी बांधून राह्यते का उघडी?"



"पाहून येतो जी," प्रफुल म्हणाला.