लिलावातली पाट

माझं नाव मेरी. मला राग लवकर येतो हे आमच्या अख्ख्या मंडळीला ठाऊक हाय. पण हंगामाच्या सणाला आलेला राग खरा होता, हे आधीच सांगून ठेवते.

सणसवाडीला एका कंपनीच्या कँटीनमधी मी वर्षानुवर्षं चपात्या लाटल्या. गुडघे गेले तवा काम सोडलं आन् शिरूरजवळ आमच्या घरामागं शेळ्या पाळायचं ठरवलं. पैसा म्हणाल तर चिमूटभर. शेड कशाची बांधू, कपाळाची? भंगारातल्या लाकडी पॅलेट आणून खाली टाकल्या, वर जुने पत्रे, आन् वाऱ्याच्या बाजूला माझ्याच साड्या बांधल्या. दौंडकडं खुटबावला साखरबाई म्हणून शेळ्या राखणारी बाई हाय. तिच्याकडनं दोन गाभण शेळ्या आणल्या. तिसरीपर्यंत हात पोचंना.

मी निघताना साखरबाई म्हणाली, "मेरीबाई, बोकड इकायचा आन् पाट ठेवायची. पाट म्हंजी मादी करडू, उद्याची शेळी. पाट घालवली की बाई परत मजुरीला गेलीच समज." हे मी मनात पक्कं धरलं.

पुढं एक शेळी गाभडली, पोटातलं गेलं. मी रडले, डोळे पुसले आन् दुसरीच्या पोटाकडं बघत बसले. आता सगळी आशा तिच्यावर.

आता आमचे हे, दावीद. माणूस म्हंजी गरीब गाय. देवळात, म्हंजी आमच्या चर्चमधी, झाडलोट करतात, घंटा वाजवतात, आन् कुणी मागायच्या आत देऊन बसतात. शेळी अजून व्याली न्हाई, तवर ह्यांनी प्रार्थनेत उभं राहून साक्ष दिली, "देवानं आमच्या दारात शेळ्या आणल्या. पहिलं करडू देवाचं." सगळे आमेन म्हणाले, मी सोडून. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच!

शेळी व्याली तवा हे देवळात आन् घरात मी एकटी. आधी पाट आली, काळीभोर. मागनं बोकड. ह्यांनी आल्या आल्या इचारलं, "पहिलं कोण?" बोकड म्हणलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण तोंडातनं खरंच निघालं, "पाट." आन् लगेच जीभ चावली.

"अहो, शास्त्रात पहिला नर लिव्हलाय," मी भांडले. "बोकड द्या की!"

"मी नर म्हणालो न्हाई मेरी. पहिलं म्हणालो," म्हणत हे रडवेले झाले. पाळकसाहेब सुद्धा म्हणाले, "बोकड आणलात तरी चालेल, दावीदभाऊ." पण हे ऐकंनात. शब्द म्हंजी शब्द.

मग मी डोकं चालवलं. आमच्यात हंगामाच्या सणाला ज्यानं त्यानं शेतातलं, परसातलं काहीतरी देवळात आणायचं. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव, पैसे देवळाला. म्हणलं, ह्यांना पाट देऊ दे. बोकड इकून आलेले पैसे कनवटीला बांधते आन् लिलावात मीच पाट सोडवून आणते. ह्यांचा शब्द राहील, माझी पाट राहील. मेरी, हाय बाई तुला अक्कल!

सणाला पॉलमामा लिलाव पुकारत होते. पपया गेल्या, ज्वारी गेली, अंडी गेली. मग पाट आली. मला बघून ती जोरात ओरडली. मी झटक्यात पहिली बोली लावली.

"मेरीबाईंची बोली! एक वार, दोन वार..."

तवर मागनं जॉयनं वाढवली. जॉय सणसवाडीला कंपनीत सुपरवायझर, पोरगा गोड, कँटीनमधी माझ्या हातच्या चपात्या खाल्लेला. मी वाढवली, त्यानं वाढवली. मधीच नर्स स्वीटीनं वाढवली. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी जॉयकडं डोळे वटारून बघितलं, तर त्यानं हसून हात हालवला! माझी कनवट रिकामी झाली.

"मेरीबाई?" पॉलमामांनी इचारलं. मी न्हाई म्हणून मान हालवली. पाट जॉयची झाली.

मी अंगणातल्या चिंचेच्या झाडामागं जाऊन रडले, अगदी हमसून हमसून. पाठोपाठ जॉय आला, काखेत पाट.

"मावशी, खूश ना? पाटीला कमी बोली लागू नये म्हणून मी आन् स्वीटीताईनं ठरवूनच वाढवली."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हीच पहिली बोली लावली की! ज्याचं दान, त्यानं पहिली बोली लावली म्हंजी बाकीच्यांनी वाढवायची. आपल्यात असंच तर असतं."

व्हय, असतं. सगळ्या सणांना मी बघितलेलं. पाटीपायी तेवढंच इसरले.

"गाढवा, मला ती घरी न्यायची होती रे! एवढी एकच पाट हाय माझ्याजवळ. ही गेली तर धंदा गेला, परत लोकांच्या चपात्या."

पोराचं तोंड एवढंसं झालं. त्यानं दावं माझ्यापुढं धरलं. "घ्या मावशी, तुमचीच हाय. मी तरी कुठं ठेवणार, दुसऱ्या मजल्यावर?"

हात पुढं गेला, पण धरवंना. देवाला दिलेलं, दुसऱ्यानं घामाच्या पैशानं सोडवलेलं, ते फुकट घरी न्यायचं? मला न्हाई जमत.

"फुकट न्हाई घेणार," मी म्हणलं. "अर्धलीनं राखते."

"म्हंजी?"

"जनावर तुझं, राखण माझी. करडं होतील त्यातली निम्मी तुझी, निम्मी माझी. ज्याच्याकडं जागा न्हाई त्याचं जनावर असंच राखतात."

जॉयनं मान डोलावली. "मग मी रविवारी बघायला येऊ का? इथं माझं तसं कुणी न्हाई."

"ये की. पण हात हालवत येऊ नको, पाला आण."

पाटीला खाली ठेवून, दावं माझ्या हातात देऊन तो गेला. हे झाडाआड उभे होते, सगळं ऐकत. म्हणाले, "मेरी, चिडलीस?"

"व्हय! जिची नाळ मी माझ्या हातानं तोडली, तिची मी आता राखणदार. चिडू नको तर नाचू का?"

ह्यांनी मान खाली घातली. पाट मात्र माझ्या पदराशी येऊन उभी होती. मग दावं ह्यांच्या हातात दिलं आन् म्हणलं, "बांधायची आपल्याच दारात हाय न्हवं? चला घरी."