बावन्नाव्या गुरुवारचं ताट

मेबलला डांग्या खोकला झाला, तेव्हा एथेलबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून नवस बोलल्या होत्या. "देवा, लेकीला बरं कर. वर्षभर दर गुरुवारी आमच्या रविवारच्या मटणातलं भरलं ताट शेजारच्या हर्स्ट आजोबांकडे जाईल." देवाखेरीज तो नवस ऐकणारा आणखी एक होता, टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळलेला. तो मी. मी खिम्याचं यंत्र बोलतोय!

माझा जन्म यॉर्कशरमधल्या एका ओतशाळेतला. एथेलबाईंच्या लग्नात नणंदेनं, क्लारानं, मला आहेर म्हणून दिलं आणि वर म्हणाली, "वहिनी, पुरवून खायची तुला सवय नाही ना, म्हणून हे!" बाईंनी तो टोमणाही आशीर्वाद समजून घेतला. तेव्हापासून मी गरगर फिरतोय. दांडा हलला की मला हसूच आवरत नाही.

मेबल खडखडीत बरी झाली. मग सुरू झाली बाईंची कसरत. रविवारी मेंढीची मांडी भट्टीत भाजायची. सोमवारी कपडे धुण्याचा दिवस, म्हणून थंड काप आणि लोणचं. मंगळवारी खिमा, त्यावर कुस्करलेल्या बटाट्याची गादी. बुधवारी कांदा-बटाट्याचा रस्सा. गुरुवारी उरल्यासुरल्याच्या टिक्क्या, त्यातल्या तीन आजोबांच्या ताटात. असे एक्कावन्न गुरुवार गेले!

मटण पुरायचं ते पुडिंगच्या जोरावर. अंडी-मैद्याचं, भट्टीत फुगणारं ते पुडिंग रश्शात बुडवून आधी वाढायचं, म्हणजे पोटं निम्मी भरतात आणि मटणावरचा मारा कमी होतो. पण शेवटच्या रविवारी नणंदबाई जेवायला आल्या, आणि नवरोजी वॉल्टरना राहवेना.

"अहो, भट्टीचं दार!" बाई किंचाळल्या.

"नुसतं बघत होतो गं!"

वारा लागला आणि पुडिंग फस्सकन बसलं.

"वहिनी, पुडिंग आहे की बुटाचा तळ?" असं म्हणत क्लारानं सरळ मटणाकडे मोर्चा वळवला. एकदा, दोनदा, तीनदा! "नको म्हणवत नाही गं, इतकं छान झालंय."

पाहुणीला 'पुरे' कोण म्हणणार? बाई हसत वाढत राहिल्या, पण त्यांचे डोळे हाडावर खिळलेले.

सोमवारचे काप इतके पातळ, की त्यातून वर्तमानपत्र वाचता आलं असतं. मंगळवारी बटाट्याची गादी जाड आणि खिमा बिचारा चादरीएवढा. बुधवारी मेबल चमचा ढवळत म्हणाली, "आई, मटण लपाछपी खेळतंय!" वॉल्टर खो खो हसले आणि बाईंकडे बघून लगेच रस्सा भुरकू लागले.

गुरुवारी हाड खरवडलं तर जेमतेम मूठभर निघालं.

"खाटकाकडून आणू का थोडं?" वॉल्टर ओशाळून म्हणाले. "माझ्यामुळेच झालं."

"नाही हो. नवस रविवारच्या मटणाचा आहे. आज शेवटचा गुरुवार, आजच कसा मोडू?"

"मग आम्हाला वाढू नकोस. पावाला मटणाची चरबी लावून खाऊ तिघं."

बाईंनी ती मूठ माझ्यात घातली. मी जीव तोडून फिरलो. टिक्क्या झाल्या दोन. बाई ताटाकडे बघत राहिल्या.

मग नेहमीप्रमाणे मला साफ करायला त्यांनी शिळ्या पावाचा तुकडा घातला. तो चुरा एरवी कोंबड्यांना जायचा. आज मात्र त्यांचा हात थांबला. पाव माझ्या कानाकोपऱ्यातलं सगळं मटण ढकलत, रसात न्हाऊन बाहेर आला होता! एवढी वर्षं मी गुपचूप घास मारत होतो, ते आज उघडकीला आलं. मला लाजही वाटली आणि आनंदानं चक्करही आली.

त्याच चुऱ्याची तिसरी टिक्की तव्यावर चुरचुरली. मेबल ताट घेऊन पळाली आणि ते रिकामं झाल्यावर हर्स्ट आजोबांना हाताला धरूनच परत आली.

"वर्षभर बोललो नाही," आजोबा म्हणाले, "पण आजच्या तिसरीसारखी टिक्की आधी कधीच नव्हती गं, पोरी!"

बाई हसता हसता रडल्या. "आजोबा, माझा नवस आज फिटला."

"म्हणजे पुढच्या गुरुवारी काही नाही?"

"आहे ना! पण ताट येणार नाही. तुम्हीच इथे या, आमच्यात बसा."

आता माझा दांडा कुरकुरतो, पण गुरुवारी टेबलाशी चार खुर्च्या लागल्या की मी अजून गरगरतो. बाई माझ्याशी जे बोलतात, तेच मी तुम्हाला सांगतो: तुम्हीही देवाला असा एक शब्द देऊन बघा. रविवारच्या जेवणातलं थोडं बाजूला ठेवा आणि गुरुवारी कुणाचं तरी दार वाजवा.