मधला चेंडू कोणाचा

सुनंदाने गुड्डीला ओट्याच्या कडेवरून उचललं आणि भिंतीशी नेऊन बसवलं. दुपारपासून चौथ्यांदा. दहा महिन्यांची गुड्डी रांगायला लागून अकराच दिवस झाले होते, आणि ओट्याला तीन दगडी पायऱ्या होत्या. कठडा नव्हता. आडवी फळी लावून घेण्याचा विषय सुनंदाने घरात तीनदा काढून पाहिला होता. सासरे, जीवरामआबा, तिन्ही वेळा म्हणाले होते, "घरातली बठ्ठी पोरं याच ओट्यावर वाढली." आणि सासूबाईंनी, बेबाबाईंनी, सुपातून डोकं वर न काढता भर घातली होती, "जास्ती शिकलं का पायऱ्या जास्ती दिसतस."

आज ओट्यावर फळी होती, पण ती वेगळ्या कामासाठी. पिंप्राळ्याच्या नवतरुण मंडळाच्या फुटबॉल संघाला यंदा, सत्त्याऐंशी साली, पंचवीस वर्षं पुरी होत होती. त्यानिमित्त सर्वोत्तम खेळाडूंच्या नावांचा पाच फुटी बोर्ड भिंतीला टेकवून छगन पेंटर उकिडवा बसला होता. सर्वाधिक गोल करणारा लिहून झाला होता. सर्वोत्तम गोलकीपर म्हणून स्वतःचं नाव छगनने जरा ठळक अक्षरात काढलं होतं. राहिली होती एकच ओळ. 'सर्वोत्तम स्टॉपर जोडी' आणि तिच्यापुढे कोरी जागा.

"लिही, निंबा आणि उखर्डू," आबा म्हणाले. ते मंडळाचे चिटणीस.

"का म्हणून?" छगन म्हणाला. "रुपचंद आणि चिंधा. एक्याऐंशी साल. अकरा सामने, एक गोल नाही."

"समोर कोण होतं? कॉलेजची पोरं! गोल कुठल्या बाजूला आहे ते विचारून खेळायची."

"आणि आपल्या गोलमध्ये कोण होतं, तेही बोला ना जीवरामभाऊ."

"तू होतास. म्हणून तर ते बिचारे चेंडू मागे येऊच देत नव्हते."

"मग झालं तर! तीच जोडी श्रेष्ठ."

आपण चेंडू आपल्याच गोलमध्ये मारला हे आबांच्या उशिरा लक्षात आलं.

ज्यांच्यासाठी ते भांडत होते ते दोघे ओट्यावरच होते. डाव्या टोकाच्या खुर्चीत उखर्डूभाऊ, उजव्या टोकाच्या खुर्चीत निंबानाना. मंडळाची एकही बैठक दोघांनी चुकवली नव्हती आणि तेरा वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"अरे, यांचा खेळ तू पाहिला कुठे?" आबा पुन्हा सरसावले. "गोलसमोर मधोमध हे दोघं. उखर्डू चेंडूवर जायचा. चेंडू सोडून त्याला दुसरं काही दिसायचंच नाही. आणि जे सुटेल ते मागे निंबा गोळा करायचा. कधी सरकला, कधी मागे गेला, कोणाला कळायचं नाही."

"आणि धुळ्याला?" छगन म्हणाला.

लग्न होऊन दोन वर्षांत सुनंदाने धुळं सात वेळा ऐकलं होतं. चौऱ्याहत्तरची फायनल, शून्य-शून्य, शेवटचं मिनिट. समोरून एक साधा, दमलेला चेंडू मधोमध आला. निंबाला वाटलं उखर्डू घेईल. उखर्डूला वाटलं निंबा घेईल. देवळात निघालेल्या म्हातारीसारखा चेंडू सावकाश दोघांच्या मधून गेला आणि गोलमध्ये जाऊन थांबला. येताना एकाच एसटीत एक पुढच्या बाकावर बसला, एक मागच्या.

"त्याले विचार," निंबानाना भिंतीकडे बघत म्हणाले, "चेंडू कोणाचा होता."

"उखर्डू, चेंडू कोणाचा होता?" आबांनी विचारलं. दोन खुर्च्यांत अंतर आठ फुटांचं.

"त्याले सांग, मधला होता."

"निंबा, तो म्हणतो मधला होता."

"ऐकू आलं माले."

चहाची वेळ झाली होती. सुनंदाने गुड्डीला बेबाबाईंच्या पायाशी ठेवलं आणि आत गेली. चहा उकळेपर्यंत तिने दोनदा स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून पाहिलं. तिथून फक्त सासूबाईंची पाठ दिसत होती. पाठ स्वस्थ होती, म्हणजे सगळं ठीक असणार.

पाच कपांचा ट्रे घेऊन ती उंबऱ्यात आली, तेव्हा छगन ब्रश नाचवत अकराव्या सामन्याचं वर्णन करत होता. त्याचा कोपर रंगाच्या डब्याला लागला. डब्याचं पत्र्याचं झाकण फरशीवर पडलं, उभं राहिलं आणि चाकासारखं पायऱ्यांच्या दिशेने निघालं. बेबाबाईंच्या मागून गुड्डी निघाली झाकणाच्या मागे. इतक्या वेगाने ती आजवर रांगली नव्हती.

बेबाबाई डाळीतले खडे वेचत होत्या. सुनंदाचे दोन्ही हात ट्रेला होते. तोंड उघडलं, आवाज फुटला नाही.

"मन्हा!"

मैदानात चेंडू 'माझा' म्हणून हाक द्यावी तसे ओरडत उखर्डूभाऊ खुर्चीतून उठले होते. दुखरा गुडघा पुढे टाकून त्यांनी डावा पाय दाणकन आपटला. झाकण पायाखाली, अगदी कडेवर, जागच्या जागी थांबलं.

गुड्डी थांबली नाही. ती त्यांच्या पायाजवळून तशीच पुढे गेली आणि ओट्यावरून खाली.

खाली दुसऱ्या पायरीवर निंबानाना उभे होते. तोंड ओट्याकडे, तळहात वर. ते कधी उठले, कधी उतरले, कोणी पाहिलं नव्हतं. गुड्डी डोक्यानेच त्यांच्या छातीवर आली, आणि खिदळली.

ट्रेमधला चहा बशांत सांडला होता. सुनंदाने तो आधी खाली ठेवला, मग स्वतः खाली बसली.

"आज आवाज दिलास," निंबानाना म्हणाले. आबांना नाही. सरळ.

"दिला." उखर्डूभाऊंनी झाकणावरचा पाय अजून उचलला नव्हता.

"धुळ्याले का नई दिला?"

"घसा बसेल व्हता. सेमीफायनलमा ओरडी ओरडी."

"मग सांगायचं ना!"

"कसं सांगू? घसा बसेल व्हता."

"आणि नंतर?"

"चार दिवसांनी सुटला. तवर तू बोलेना."

निंबानानांनी गुड्डीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. बराच वेळ ते तिची पाठ थोपटत राहिले, जरी ती रडत नव्हती.

"ही मॅच नव्हती बरं," छगन म्हणाला. "हे धरायचं नाही."

सुनंदाने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तिच्याकडेच पाहत होत्या. सूप मांडीवर तिरपं झालं होतं, डाळ ओघळत होती. आता येईल ते बोलणं ऐकून घ्यायची तयारी सुनंदाने केली.

"माले वाटनं, तुन्हाकडे शे," बेबाबाई हळूच म्हणाल्या.

"मला वाटलं, तुमच्याकडे."

बेबाबाई फरशीवरची डाळ गोळा करायला लागल्या, सुनंदाही.

निंबानाना गुड्डीला घेऊन वर आले, तसे आबा उठले. कोणालाही न विचारता त्यांनी बोर्ड उचलला आणि पायऱ्यांच्या तोंडाशी आडवा लावला. दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची टेकवली.

"रंग ओला आहे, जीवरामभाऊ!"

"असू दे."

"आणि नाव? रुपचंद-चिंधा ना?"

"रंग वाळू दे आधी."

खुर्च्या गेल्यामुळे निंबानाना आणि उखर्डूभाऊ सतरंजीवर बसले होते, आणि धुळ्याचा तो चेंडू बशीतल्या चहात बोटाने काढून एकमेकांना दाखवत होते. त्या दोघांत पुन्हा भांडण सुरू झालं होतं, पण आता मधे कोणी नव्हतं. सुनंदाने रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले. उंबऱ्याशी ती थांबली.

"आई, तुमच्याकडे!" रस्त्यावरच्या सायकलवाल्याने वळून पाहावं, एवढ्या मोठ्याने.

"मन्हाकडे!" बेबाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि गुड्डीच्या झबल्याची कड मुठीत धरली.

सायकलवाला क्षणभर थांबला. बोर्डाचं तोंड रस्त्याकडे होतं. त्याने 'सर्वोत्तम स्टॉपर जोडी' एवढं वाचलं, पुढची कोरी जागा पाहिली, बोर्डामागच्या ओट्याकडे पाहिलं, आणि पायडल मारलं.