पसारा आवरा

"सव्वादोन तास? आरं तेवढ्यात लगीन लागून, जेवणं हून, मांडव उतरवत्यात लोकं!" जिनेश म्हणला.

"मग जा की लग्नाला. गाणी कशाला ऐकतोस?" मी म्हणलो.

"ऐकू काय त्यात? मधी पाच मिंटं नुसता वारा हाय. वारा ऐकायला मी दंडोबाच्या डोंगरावर जाईन की. डेटा कशाला जाळू?"

आमचं भांडण 'धुराडं' बँडवरनं चाललं हुतं. धुराडं म्हंजे चार पोरं, दोन साताऱ्याची, दोन सांगलीची. तेंची गाणी तीन-तीन मिंटांची असायची आन ऐकली की पाय हलायचाच. उसाच्या ट्रॅक्टरवर, जिममध्ये, वरातीत, जिकडं बगंल तिकडं धुराडं. मग ती पोरं दोन वर्स गप बसली आन एकदम अल्बम काढला, 'पसारा'. फोनवर बोटानं वर सारत बसायचं, गाणी संपतच न्हाईत. एक नुसतं बासरीचं. एकात कोण बाई भाजीवाल्यासंगं घासाघीस करतीया. आन एकात त्यो वारा.

आमचा फॅन लोकांचा ग्रुप हाय, तेज्यात दोन तट पडलं. साताऱ्याकडची पोरं म्हणायली, लय खोल हाय. सांगलीची म्हणायली, खोल हाय म्हणूनच बुडालं. एकानं लिवलं, 'झोपताना लावला, उठलो तरी चालूच.' एक जण चिडून ग्रुप सोडून गेला. कुणी थांब म्हणलंच न्हाई, मग आपणच परत आला.

मी सांगलीत ऱ्हाऊन पसाऱ्याच्या बाजूनं. एक तर जिनेश इरोधात हुता म्हणून. दुसरं म्हंजे शाळेत मास्तर मला कायम म्हणायचे, वीरधवल, मुद्द्याचं बोल, आटप. धावीत मग मी शाळाच आटपली. तवापास्नं कुणी कुणाला आटप म्हणलं की माझं डोस्कं फिरतं.

मी मूळचा कोयनानगरचा. पप्पा फौजेत, आई तिकडं एकटी. मी माधवनगरला मामाकडं ऱ्हातो आन विश्रामबागला गाड्यांना स्पीकर बसवायच्या दुकानात काम करतो. जिनेश तिथंच भेटला. तेच्या बापाचा हळदीचा धंदा, गाडी मोठी, आन तिच्यातलं स्पीकर मीच बसवल्यालं. शनिवारी साताऱ्यात धुराडंचा कार्यक्रम हुता, आमी त्याच गाडीतनं जाणार हुतो.

तर ह्या जिन्यानं एक फ्लेक्स छापून आणला. पिवळ्यावर लाल, ही एवढी अक्षरं: 'पसारा आवरा'. कार्यक्रमात पुढच्या लायनीत दोघांनी दोन काठ्या धरून हुबं ऱ्हायचं.

"एक काठी माझी. दुसरी तुझी," त्यो म्हणला.

"तुझ्या डोस्क्यात घालीन दुसरी."

तवा तेची थोरली बहीण, कीर्तीताई, मधी पडली. ती इंजिनेरिंगला हाय. ती म्हणाली, "तुमच्या दोघातल्या एकानं तरी आख्खा ऐकलाय का?"

आमी एकमेकाकडं बोट दावलं.

"मग कशावरनं भांडताय रं? रविवारी घरी बसू. पयल्यापास्नं शेवटपतोर, मधी उठायचं न्हाई. जो आदी उठंल त्यो हरला."

"वीर्‍या हरला तर दुसरी काठी तेची," जिनेश म्हणला.

"आन मी जितलो तर?"

"तर फ्लेक्स तुला. गाडीखाली झोपताना हातरायला."

मी हाताव हात मारला. पर हरून चालणार न्हवतं. कोयनानगरची समदी पोरं साताऱ्याला येणार हुती. पसाऱ्यासाठी तेंच्यात सगळ्यात जास्त मीच बोंबललो हुतो. तेंच्यासमोर 'पसारा आवरा' धरून हुबं ऱ्हायचं म्हंजे पुढं दिवाळीला गावात पाय टाकायची सोय न्हाई.

रविवारी जिनेशच्या घरी बसलो. बिल्डिंगीत तिसरा मजला. तेची आई, पद्मावतीकाकी, आत पोहं करत हुती. तेंच्यात कांदा घालत न्हाईत, पर काकी शेंगदाणं असलं घालती की कांद्याची आठवण येत न्हाई. जिनेशनं वूफर सोफ्याखाली सारला, मोठं स्पीकर दोन्ही अंगाला, आन आवाज असला लावला की खिडकीच्या काचा बोलाय लागल्या.

पयली सात-आठ गाणी बरी गेली. बासरीला जिनेश जांभया द्यायला लागला. वाऱ्याला त्यो पंख्याकडं बोट दावून म्हणला, "ह्यो बग, ह्योबी अल्बम काढतोय." मी हसलो न्हाई. हसू आलं हुतं, पर हसलो न्हाई.

मग कीर्तीताईनं फोनात बगून सांगितलं, "पुढचं 'मांडणी'."

"मांडणी म्हंजे निबंदाची असती ती," जिनेश म्हणला. "सुरवात, मधलं, शेवट. ह्या अल्बमात तीच न्हाई बग."

त्या गाण्यापतोर ग्रुपातलं कुणीच पोचलं न्हवतं. लय खोल हाय म्हणणारीबी न्हाई.

गाणं सुरू झालं. कोण बाई कायतरी गुणगुणतीया, कढईत कायतरी तडतडतंय. म्हणलं, हाय, बरं हाय. आन मग लांबनं, लय बारीक, ताटांची किणकिण. एक, मग दुसरं. मग पळ्या एकमेकीला आपटाय लागल्या. पायाखाली फरशी गुरगुरली.

पुढचं मला ठरवून काय केल्यालं आठवत न्हाई. फोन सोफ्यावर तसाच टाकला, सैपाकघरात घुसलो, काकीचा हात धरला आन वराडलो, "काकी, भायेर!" काकीनं एक शबुद इचारला न्हाई. तशीच आली. तीन मजलं आमी उतरलो, मी अनवाणी, काकीच्या हातात झारा. खाली मैदानात येऊन हुबं ऱ्हायलो आन मी वर बगितलं.

बिल्डिंग गप हुबी हुती. एक आजोबा स्कूटर पुसत हुते. वरनं गॅलरीतनं जिनेश वाकून बगत हुता. हसून हसून तेला बोलता येत न्हवतं.

"उठला! उठला! आरं नाव वीरधवल आन पळाला बिनचपलीचा!"

काकी दम खात म्हणाली, "काय झालं रं बाळा?"

"मांडणी वाजली, काकी," मी म्हणलो. आन मग माझं मलाच कळलं.

आमच्या कोयनानगरला भुकूप काय नवा न्हाई. बारकं हादरं बसतच असत्यात. आन सगळ्यात आदी कळतं ते सैपाकघरात, भांड्याच्या मांडणीवर. ताटं वाजाय लागली की पळायचं. आईनं मला चालाय लागल्यापास्नं हेच शिकवलंय: चप्पल हुडकायची न्हाई, काय उचलायचं न्हाई, जवळ असंल त्या माणसाला धरायचं आन भायेर. त्या गाण्यात कुणी निबंद लिवत न्हवतं. ती भांड्याची मांडणी हुती.

वर आल्यावर जिनेश म्हणला, "हरलास. माणूस पळून जातंय म्हंजे गाणं किती बेकार असंल!"

कीर्तीताई म्हणाली, "आरं, आजपतोर तुला कुठल्या गाण्यानं जाग्यावरनं उठवलंय का?"

"भूक लागल्यावर उठतो मी."

दोघं तेच्यावर भांडाय लागली. मग काकी बोलली, झारा तसाच हातात. "जिन्या, तू वर बसून दात काढत हुतास. ह्यो परक्याचा पोरगा मला घिऊन खाली गेला. खरंच काय असतं तर?"

जिनेशनं वाकून सोफ्याखालचा वूफर बंद केला. मग हळूच म्हणला, "पर पैज ती पैज, मम्मी."

"पैज तुमची. पोहं तेला आदी," काकी म्हणाली.

पैज हरलो ते हरलोच. शबुद दिलाय म्हणल्यावर मी मागं हटत न्हाई. पर मला निराळाच राग आला हुता, त्या बँडवर. कुणाचं तरी घर हलताना ह्यांनी आवाज टिपाय फोन धरला का काय? का नुसती भांडी हलवून केलं? घरी येऊन आईला फोन लावला. काय न सांगता गाणं लावलं आन फोन स्पीकरजवळ धरला.

"वीर, भायेर हो!" आई तिकडनं वराडली. "फोन टाक आन आदी भायेर हो!"

"आगं गाणं हाय."

"आं?"

"गाणं हाय, आई. अल्बममधलं."

मग मला चार शिव्या बसल्या. त्या हितं लिवत न्हाई. मग म्हणाली, "परत लाव बगू."

परत लावलं. तिनं शेवटपतोर ऐकलं. शेवटी हादरा थांबतो आन ती बाई पडल्याली ताटं उचलून एक-एक जाग्यावर लावती, गुणगुणत.

"आपली मांडणी न्हवं ही," आई म्हणाली. "आपल्यात समदं स्टील. पर ती बया पळंना का रं? गुणगुणत काय बसलीया?"

"मला काय म्हाईत?"

"इचार की मग. जाणार हायस न्हवं शनिवारी? इचार, का पळाली न्हाई म्हणावं."

आज शनिवार. काठ्या ठोकाय म्हणून जिनेशनं दिल्याला फ्लेक्स दुकानात उलटा हातरलाय आन तेज्या पाठीवर मी काळ्या रंगानं लिवलंय: 'मांडणी वाजवा'. जिनेशला ठाव न्हाई. पुढनं तेचं, मागनं माझं. काठी धरायची कबूल केलीया, कुठली बाजू पुढं करायची ते कुठं ठरलं हुतं? रंग वाळूस्तवर हे लिवून काढलं.

वाजवलंच त्या बँडनं तर मला बगायचंय गर्दीतनं कोण कोण पळतंय. जे पळतील ते आमच्याकडचं. बाकीचं ग्रुपावर भांडत बसतील, लांब हाय का खोल हाय.

मीबी पळंन बहुतेक. कळत असूनबी पाय ऐकायचं न्हाईत. पर आईनं शिकवल्यापरमानं जवळच्या माणसाला धरून पळायचंय, आन फ्लेक्सच्या दुसऱ्या टोकाला जिनेश हाय. त्योबी माझ्यामागं येतोय वढत.

भायेर हॉर्न वाजाय लागलाय. रंग अजून वला हाय, पर जिनेश थांबायचा न्हाई. मला आता निघाय पायजे.