चार तासांवरचं बँकॉक

भिंतीवरच्या नकाशात पुणे ते बँकॉक हे अंतर वीतभरसुद्धा भरत नाही. विमानाला चारेक तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, कारण सूर्य त्यांच्याकडे आधी उगवतो. बुद्धरत्न हे सगळं महिनाभर शेजारच्या पोरांना समजावत होता. उद्या सकाळी त्याच्या लेकीला, आम्रपालीला, बँकॉकच्या विद्यापीठात पदवी मिळायची होती. आई गेल्यापासून तिला बापाशिवाय कोणी नव्हतं. "बाबा, मला तुम्ही समोर दिसला पाहिजेत," एवढंच तिनं मागितलं होतं.

विमान रात्री आठचं. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते, चाकणच्या कारखान्यातून लोहगाव विमानतळ तासाभराचं, मग आजची रजा कशाला घालवायची? तो बॅग घेऊनच कामावर आला.

साडेतीन झाले, पण त्याच्या जागी येणारा रविराज आला नाही. बुद्धरत्नच्या भट्टीत गिअर लालबुंद तापत होते. त्या भट्टीचा एक दंडक होता. पुढच्या शिफ्टच्या माणसानं समोर उभं राहून 'घेतली' म्हटल्याशिवाय आधीच्यानं हलायचं नाही.

रविराजचा फोन आला. "काका, कंपनीची बस तळेगाव चौकात अडकलीय. मधोमध कंटेनर बंद पडलाय. तुम्ही निघा, मी येतोच."

"फोनवरच घेतोस का भट्टी?"

रविराज ओशाळला. "नवा होतो तेव्हा याच गोष्टीवरून तुम्ही मला झापलं होतं."

"मग उतर आणि चालत ये."

सुपरवायझर उद्धवराव जवळ आले. "बुद्धरत्नभाऊ, जा की. मी बसतो इथं. पण मी पेंटशॉपचा माणूस. काही झालं तर तुम्हालाच फोन करीन."

"तेव्हा मी आभाळात असेन, साहेब."

दोघंही हसले. बुद्धरत्न हातमोजे न काढता भट्टीच्या तापमानाच्या काट्याकडे बघत उभा राहिला. भट्टीमागं दोन हेल्पर पोरं माल रचत होती. त्यांना सोडून जायला पाय उचलेना.

रविराज घामानं निथळत आला, तेव्हा पाच वाजून गेले होते. "घेतली, काका. पळा."

बाहेर कॅब उभी होती. फर्लांगभर ती पळाली आणि आळंदी फाट्याच्या बरीच अलीकडे थांबली. पुढं नव्या गाड्या लादलेला ट्रेलर, मागं सिमेंटचा मिक्सर. इंजिनं बंद करून ड्रायव्हर लोक रस्त्यावर तंबाखू मळत होते.

साडेसहाला आम्रपालीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आत गेलात का?"

त्यानं फोन खिडकीकडे फिरवला.

"हे कुठं?"

"चाकण."

ती म्हणाली, "काउंटर सातला बंद होतं."

"माहितीय."

"दुसरं विमान?"

"उद्या दुपारचं. दिल्लीवरून."

"तोवर सगळं संपलेलं असेल." तिचा आवाज जरा वर गेला. "आजची रजा टाकायला काय झालं होतं, बाबा?"

"तू घरी येशील तेव्हा लागेल म्हणून राखली."

तिनं फोन ठेवला नाही. नुसती बघत राहिली.

सात वाजून गेले. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "काका, मग आता घरी सोडू?"

बुद्धरत्ननं होकाराची मान हलवली. ड्रायव्हरनं दार उघडून पुढंमागं बघितलं, एका बाजूचा दुभाजक बघितला, दुसऱ्या बाजूचा डंपर बघितला आणि दार पुन्हा लावून घेतलं.

"वळायला जागा नाही," तो म्हणाला.