समुद्राच्या तळाचे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही तर नाही. समुद्राच्या तळाशी एका ऑक्टोपसने मला विळखा घातला होता. सात हातांनी त्याने माझ्या मालकांना धरले आणि आठव्याने तो माझी चावी पिळू लागला. माझे मालक पाणबुडे होते. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडणे हे त्यांचे काम. त्यांनी माझ्याकडे पाहिले, जेवणाची वेळ झाली होती, म्हणून ते तसेच ऑक्टोपससकट वर आले. त्या काळोख्या पाण्यात माझे काटे हिरवे चमकत, तेव्हा वेळ बघायला मासे रांग लावत.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या माणसांनी श्वास रोखून मला जोडले आणि पाठीवर ‘पाण्यात चालणारे’ असा शिक्का मारला. एका कप्तानाने मला घेतले. त्याच्या जहाजाच्या पंख्यात अडकलेला दोर माझ्या मालकांनी कापला, तेव्हा त्याने मला मनगटावरून काढून त्यांच्या हाती दिले. मी त्या घरचे झाले. मालक सकाळी दात घासायच्या आधी मला चावी देत. त्यांची लेक मला कानाशी धरून झोपे. माझी काळी तबकडी उन्हाने हळूहळू चहासारखी तपकिरी झाली, तरी त्या घरात मला कुणी म्हातारे म्हटले नाही.

मालक गेले तेव्हा लेक परगावी नोकरीला होती. तिच्या थोरल्या भावाने खोली रिकामी केली आणि मला जुन्या घड्याळांच्या दुकानात नेले. दुकानदाराने भिंग डोळ्याला लावले आणि तोंड वाकडे केले.

“रंग उडालाय हो याचा. भंगार आहे. बरं, आणलंच आहे तर ठेवा.”

भाऊ मिळाले ते पैसे खिशात घालून निघाला. वडील पाणबुडे होते, एवढेच तो जाता जाता बोलला. तेवढे पुरले. त्याची पाठ वळताच दुकानदाराने आतल्या कारागिराला हाक मारली, “अरे, ही तबकडी बघ. मुद्दाम करायची म्हटली तरी अशी होत नाही.”

मित्रांनो, त्यानंतर मला मालक पुष्कळ मिळाले, मनगट एकही मिळाले नाही. या व्यवहारात घड्याळ घालत नाहीत. ओरखडा पडला की भाव पडतो. चावी देत नाहीत, चाके झिजतात. पुसतसुद्धा नाहीत, कारण जुना मळ ही अस्सलपणाची खूण. पहिल्याने मला तिजोरीत ठेवून दुसऱ्याला विकले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसऱ्याने पुन्हा त्याच दुकानदाराला. दर विक्रीला समुद्र थोडा आणखी खोल झाला. माझी थोरवी मला तिजोरीत बसून कळली.

एका दुपारी एक साहेब मला पाहायला आले होते. दुकानदार माझी गोष्ट सांगत ऑक्टोपसच्या सातव्या हातापर्यंत आला असेल, तोच दार ढकलून एक बाई आत आली. केस पिकलेले, खांद्याला कापडी पिशवी. मी तिला ओळखले. भावाकडून पत्ता काढून ती इथवर आली होती.

“हे माझ्या वडिलांचं घड्याळ आहे. मला ते परत हवंय.”

“अहो, मग बसा ना ताई,” दुकानदार खुलला. “साहेब, साक्षात लेक.”

तिने मला उचलले, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिच्या अंगठ्याने मला चावी दिली.

“ताई, चावी नका देऊ.”

“मग काय अंगाई म्हणू त्याला?”

तिने किंमत विचारली. आकडा ऐकून ती खुर्चीत बसली. “दादाला तर भंगार म्हणाला होतात.”

“तेव्हा भंगारच होतं. आता त्याला गोष्ट आहे ना. वडील हे घालून तळापर्यंत जायचे, तिथे ऑक्टोपसने धरलं, एवढं साहेबांसमोर सांगा.”

तिने मान वर केली. गोष्ट गेली की भावही जाईल आणि मी तिला परवडेन, हे तिच्या ध्यानात आले.

“कुठला तळ? ऑक्टोपस-बिक्टोपस काही नाही. हे घड्याळ कधी भिजलेलंच नाही. बाबांचा जीव होता त्याच्यावर. पाण्यात उतरायच्या आधी ते काढून माझ्या हाताला बांधायचे. काटा इथे आला की मी वर येतो, असं तबकडीवर बोट ठेवून सांगायचे. मी धक्क्यावर बसून काट्याकडे बघत राहायचे.”

मित्रांनो, माझ्याकडे असे पाहू नका.

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“अहो, ही तर त्याहून भारी गोष्ट आहे,” ते म्हणाले. “बाई, हेच जरा लिहून सही कराल?”

तिने सही केली नाही. पण साहेबांनी ऐकले होते, तेवढे पुरले. दुकानदाराने माझ्या पट्ट्याला बांधलेली किमतीची चिठ्ठी हळूच सोडवली आणि दुसरी लिहायला घेतली.

मित्रांनो, घरातल्या घड्याळाला रोज चावी द्या. ओरखड्यांना भिऊ नका. आणि आपल्या माणसाची आठवण गिऱ्हाइकासमोर काढू नका.

तिने दिलेल्या चावीवर मी साहेबांच्या तिजोरीत चालत राहिले. तिचे बाबा बोट ठेवत त्या जागेवर काटा आला, आणि पुढे गेला. वर कुणी आले नाही.